मॅम तिबांगची एक ओळ

आमच्या बाकुद गावच्या सांता बिबियाना शाळेत गेल्या जानेवारीत प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर भिंतीवर एक नवं वाक्य रंगवलं गेलं. निळी अक्षरं, पिवळी किनार. 'देवाला स्मरून, ज्ञानाची आस धरून, समाजाच्या उत्कर्षासाठी झटणारे जबाबदार आणि मूल्यनिष्ठ नागरिक घडवणे हे आमचे ध्येय आहे.' आधीचं ध्येय याच्या तिप्पट लांब होतं आणि ते रंगारी सोडून कुणी पुरतं वाचलं नव्हतं, म्हणून मुख्याध्यापिका सिस्टर एमेरितांनी ते पुसून हे लिहून घेतलं. फेब्रुवारीत मनिलाहून तपासणीची मंडळी येणार होती. शाळेचं मानांकन तीन वर्षांसाठी टिकायचं की जायचं, ते त्या मंडळींच्या हाती होतं. आणि त्यांची एक रीत सगळ्या शाळांना ठाऊक होती. कुठल्याही वर्गात शिरायचं, कुठल्याही मुलाकडे बोट करायचं आणि म्हणायचं, तुमच्या शाळेचं ध्येय सांग.

सिस्टरांनी मला बोलावून घेतलं ते यासाठीच. मी फेलिसियानो, गावात मला सियानो म्हणतात. एकेचाळीस वर्षं मी आमच्या कोमेद्यात, म्हणजे जत्रेतल्या पद्यनाटकात, लाल राजाचं काम केलं. आता गुडघे गेलेत, आवाज आहे. सिस्टर म्हणाल्या, मुलांना हे वाक्य असं शिकवा की पाहुण्यांच्या अंगावर काटा आला पाहिजे. मला काय, बुडत्याला होडी मिळाली. दुसरीपासून सहावीपर्यंतचे वर्ग मी तीन आठवड्यांत तयार केले. 'देवाला' म्हणताना नजर वर, 'ज्ञानाची' म्हणताना हात कपाळाशी, 'घडवणे' म्हणताना मुठी छातीवर. तिसरीतला एक मुलगा 'उत्कर्षासाठी' असा म्हणायचा की तलवार उपसली असं वाटावं.

राहिली पहिली. पहिली होती प्रिमितिवा बुमांगलागकडे. गावात तिला तिबांग म्हणतात, मुलं मॅम तिबांग. वय त्रेसष्ट. लग्न केलं नाही. अंगाने बारीक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पायात रबरी चपला आणि हातात कायम खडू. साठीनंतर आमच्या शाळेत शिक्षकांना एकेका वर्षाची मुदत वाढवून देतात, तशी तिला तीनदा मिळाली होती. बदली करायची झाली तर ग्रंथालयाची खोली रिकामीच होती.

मी पहिलीच्या दारात उभा राहिलो तेव्हा ती मुलांना फळ्यावरच्या वाक्यातला पहिला शब्द वाचायला लावत होती. फक्त पहिला. बाकीचं वाक्य तिने जुन्या वर्तमानपत्राने झाकून टाकलं होतं.

"मानोंग सियानो, तुम्ही बाहेर बाकावर बसा," ती म्हणाली. मानोंग म्हणजे आमच्याकडे मोठा भाऊ. "पाणी पाठवते."

मी म्हटलं, मला सिस्टरांनी पाठवलंय. ती म्हणाली, मग सिस्टरांनाही बाकावर बसवा, बाक लांब आहे.

तिची रीत अशी होती. रोज वाक्यातला एक शब्द उघडायचा, छोटा असला तर दोन. मुलांनी तो स्वतः वाचायचा. कुणी सांगायचं नाही, शेजारच्याने पुटपुटायचं नाही, तिनेही ओठ हलवायचे नाहीत. एखादं पोर अडलं की ती खिडकीबाहेर बघत उभी राहायची, जणू तिला समुद्रावर काहीतरी महत्त्वाचं दिसतंय. शब्द वाचून झाला की त्याचं माणूस शोधायचं. 'झटणारे' या शब्दाला मुलांनी तंबाखूच्या मळ्यातल्या आपल्या आयांची नावं दिली, नऊ नावं झाली. 'जबाबदार'वर मोठा वाद झाला. एक म्हणाला पोलीस, दुसरा म्हणाला पोलीस माझा काका आहे आणि तो दुपारी झोपतो. शेवटी बर्फवाला आंतोन ठरला. वीज गेली की आंतोन आधी दवाखान्यात बर्फ देतो आणि मग कोळ्यांना.

हे सगळं मी बाकावर बसून ऐकलं. ऐकायला गोड होतं. पण सतरा शब्द आणि पंधरा दिवस, आणि पाठांतराचं नावही नाही. मी सिस्टरांना जाऊन सांगितलं. चुगली केली म्हणा हवं तर.

सिस्टर एमेरिता वाईट बाई नाही. वय चाळिशीचं, डोक्यावर अख्ख्या शाळेचा भार, आणि मानांकन गेलं तर पोरं शेजारच्या गावच्या शाळेत जाणार ही भीती खरी होती. त्यांनी तिबांगला बोलावलं, मी तिथेच होतो. त्या म्हणाल्या, पाहुण्यांपुढे पहिलीची मुलं गप्प राहिली तर पुढच्या जूनमध्ये पहिली नव्या बाईंकडे जाईल आणि मॅम ग्रंथालयात. आवाज चढवला नाही, पण त्यांचा निर्णय झालेला होता.

"बरं सिस्टर," तिबांग म्हणाली. "पण मुलं गप्प राहणार नाहीत. ती वाचतील."

"वाचणं वेगळं आणि ध्येय मनात असणं वेगळं, मॅम."

"म्हणून तर आधी वाचायला शिकवते."

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट निघाली. सिस्टरांनी सगळ्या शिक्षकांना आपापलं वैयक्तिक ध्येय लिहून वर्गाच्या दारावर लावायला सांगितलं होतं. बाकीच्यांनी रंगीत कागद आणले, फुलं कातरली, एका बाईंनी तर कडेने शंख चिकटवले. मजकूर साधारण सगळ्यांचा एकच होता, कारण चौथीच्या बाईंनी लिहिला आणि इतरांनी उतरवून घेतला. तिबांगच्या दारावर वहीचा फाडलेला कागद होता आणि त्यावर एक ओळ. 'माझ्या वर्गातून बाहेर पडलेलं मूल दुसऱ्याच्या ओठांकडे बघणार नाही.'

सिस्टर म्हणाल्या, यात देव नाही, देश नाही, मूल्यं नाहीत. हे ध्येय आहे की तक्रार?

तिबांग फक्त म्हणाली की कागद लहान होता. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. पण मी मान खाली घातली, कारण ती ओळ कुठून आली ते त्या खोलीत तिच्याशिवाय मला एकट्यालाच माहीत होतं.

कोमेद्यात आमच्याकडे दोन राज्यं असतात, निळं आणि लाल. बँड वाजतो, लढाया होतात, राजकन्या रडते, आणि सगळं बोलणं पद्यात. हजारो ओळी. त्या कुणी पाठ करत नाही. पडद्याआड प्रॉम्प्टर वही धरून बसतो आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतो. नट ती ऐकतो आणि दुप्पट आवाजात म्हणतो. प्रेक्षकांना दोन्ही ऐकू येतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. म्हणून आमच्यात अक्षरओळख नसलेला माणूसही वीस वर्षं राजा होऊ शकतो. तिबांगचे वडील सिक्स्तो तसेच होते. तंबाखूच्या मळ्यात राबणारा उंच, देखणा माणूस, मागे सारलेले केस, आवाज असा की चौकातली कबुतरं उडायची. निळा राजा म्हणजे सिक्स्तो, हे दोन गावं धरून चालायची.

तिबांग नऊ वर्षांची होती त्या वर्षीच्या जत्रेत भर दुपारी आमच्या प्रॉम्प्टरला उसाच्या दारूने आडवं केलं. दुसऱ्या अंकात लाल राजाला अगदी शेवटापर्यंत काम नसतं, म्हणून वही मी घेतली. एका हातात वही, दुसऱ्या हातात गूळ घातलेली भाताची चिकट मिठाई. दोन पानं एकमेकांना चिकटली आणि मी ती एकदम उलटली. पुढची ओळ निळ्या राजाची नव्हती, माझी होती, लाल राजाची. मी वाचत गेलो आणि सिक्स्तो म्हणत गेले. भर चौकात, मुकुट घालून, तलवार उंचावून निळा राजा गरजला की निळ्यांच्या राज्याला आग लावा आणि त्यांच्या त्या म्हाताऱ्या राजाला दाढी धरून माझ्यापुढे फरफटत आणा. निळे सैनिक एकमेकांकडे बघायला लागले. त्यातल्या एका आज्ञाधारक मूर्खाने खरंच सिक्स्तोंच्या दाढीला हात घातला.

चौक हसून लोळला. मीही पडद्याआड हसलो, हे लपवत नाही. सिक्स्तोंना वाटलं लोक खूश आहेत, म्हणून त्यांनी ती ओळ पुन्हा म्हटली. मग कुणीतरी त्यांना सांगितलं. तो माणूस मुकुट न काढता तसाच चालत घरी गेला, आणि पोरं मागून दाढी, दाढी ओरडत गेली.

पुढच्या बाकावर तिबांग बसली होती, चपला मांडीवर घेऊन. ती हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. म्हणाली, "मानोंग, ती वही मला द्या. तुम्हाला दोन पानं एकदम उलटायची असतील तर दुसरी घ्या."

दिली. त्यानंतर वर्षभर ती बापाला घेऊन तंबाखू वाळवायच्या खोपटात बसायची. वर दोऱ्यांवर पानं टांगलेली आणि खाली बांबूच्या खांबांवर कोळशाने काढलेली अक्षरं. आधी खांबावरचं अक्षर, मग वहीतलं. सिक्स्तोंची माझ्याशी अबोला धरायची तयारी होती, पण पोरीने बजावलं होतं की मानोंग आले तर त्यांनाही बसू द्या, फक्त बोलू देऊ नका. मी दोनदा गेलो. बाप अडायचा, घाम पुसायचा, पोरीच्या तोंडाकडे बघायचा. आणि पोरगी तोंड फिरवून वरची पानं मोजायची.

पुढच्या जत्रेला निळ्या राजाने प्रॉम्प्टर नको म्हणून सांगितलं. ढालीच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला होता, बोट एकेका शब्दावर ठेवून तो वाचत होता. दोन तासांचं काम चार तास चाललं. बँडवाल्यांनी मधे जेवून घेतलं. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि लाल राजा म्हणून समोर उभा राहून मी पहिल्यांदा खरोखर हरलो.

सिक्स्तो हा तिबांगचा पहिला विद्यार्थी. त्यानंतर तिच्या हाताखालून चाळीस वर्षांची पहिली गेली.

तर तपासणीची मंडळी आली ती फेब्रुवारीतल्या एका सकाळी, तिघंजण. त्यांचे प्रमुख डॉक्टर वाल्देर्रामा, मूळचे आमच्याच बाजूचे, पांढरा पातळ झग्यासारखा सदरा घातलेले, हातात फळीला अडकवलेले कागद. तिबांगच्या वर्गात आदल्या दिवशीच शेवटचा शब्द उघडला होता. मुलांनी अख्खं वाक्य एकदा, फक्त एकदा, सलग वाचलं होतं.

डॉक्टर दुसरीत शिरले आणि त्यांच्या मदतनिसाने पहिलं काम काय केलं, तर फळ्यावरचं वाक्य मोठ्या कागदाने झाकलं. भिंतीवरून वाचून दाखवलेलं ध्येय त्यांना नको होतं. पण दुसरीने मान राखला. तिसरीने तलवार उपसली. चौथीत एक मुलगी मधेच अडली, मी मागच्या भिंतीशी उभा होतो, नुसते ओठ हलवले आणि वर्ग पुढे गेला. सहावीपर्यंत सिस्टरांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. शेवटी पहिली.

मदतनिसाने वाक्यावर कागद लावला. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनी मिळून सांगा बघू, तुमच्या शाळेचं ध्येय काय?

अठ्ठावीस मुलं. शांत. घाबरलेली नव्हती, जिथे वाक्य होतं त्या कागदाकडे बघत होती, वाऱ्याने जरा हलेल म्हणून. सिस्टरांनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला. तिबांग खिडकीबाहेर बघत होती.

आणि माझ्याकडून ते घडलं. एकेचाळीस वर्षांची सवय. समोर नट गप्प आहे आणि मला ओळ येते आहे, हे मला सहन होत नाही. मी मागून, चांगल्या खणखणीत आवाजात ओळ दिली. "देवाला स्मरून, ज्ञानाची आस धरून..."

अठ्ठावीस माना मागे वळल्या. एकानेही ती ओळ म्हटली नाही. पहिल्या बाकावर रायझा नावाची मुलगी बसते, पुढचे दोन दात पडलेले. ती उभी राहिली आणि मला म्हणाली, "अपो, असं नाही करायचं. मॅम रागावतील."

अपो म्हणजे आदराची हाक. पण त्या आदराने मी पुरता भुईसपाट झालो. मदतनिसाला हसू आवरेना. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फळी बाकाच्या कडेवर टेकवली आणि लिहायला सुरुवात केली. त्यांचा कच्चा खर्डा आमच्याच बोलीत असायचा, पक्कं इंग्रजी नंतर व्हायचं. आणि ते उभे होते रायझाच्या बाकाला लागून.

रायझाने मान वाकडी केली. बोट हवेतच एकेका शब्दावर ठेवलं.

"पहिली," ती वाचायला लागली. "ध्येय... पाठ... नाही. शि-क्षि-के-ची, शिक्षिकेची... तयारी... अ-पु-री."

डॉक्टरांचा हात थांबला.

"मॅम," रायझाने विचारलं, "तयारी अपुरी म्हणजे काय?"

तिबांगने खिडकीवरून नजर काढली. इतक्या वर्षांत मी रंगमंचावर अनेक राण्या पाहिल्या, पण इतकं सरळ उभं राहिलेलं कुणी पाहिलं नाही. "म्हणजे अजून काम बाकी आहे, असं सर म्हणतायत," ती म्हणाली. "बरोबर वाचलंस. पुढे वाच."

"पुढे काही लिहिलंच नाहीये."

"मग सरांना लिहू दे."

डॉक्टर वाल्देर्रामांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी फळीवरचा वेगळाच कागद, तपासणीच्या दिवसाच्या कार्यक्रमाचा, काढला आणि पार मागच्या बाकावरच्या मुलापुढे ठेवला. तो मुलगा सावकाश, पण न थांबता वाचत गेला आणि 'दुपारचे जेवण, डुकराचे कुरकुरीत मांस' इथपर्यंत पोचल्यावर त्याने मॅमला विचारलं की हे आपल्यालाही आहे का? तिसरं मूल, चौथं मूल. डॉक्टरांनी खिशातलं औषधाचं वेष्टनही वाचायला दिलं. नाव अवघड होतं, त्यावर मुलगी अडली. मी ओठ दातांत धरले. तिबांग पुन्हा समुद्राकडे बघायला लागली. मुलीने ते तीन तुकडे करून वाचलं आणि खाली बसली.

मग डॉक्टरांनी स्वतः जाऊन भिंतीवरचा कागद काढला. म्हणाले, आता हे. सगळ्यांनी वाचलं. त्यांनी विचारलं, जबाबदार म्हणजे कोण?

"बर्फवाला आंतोन," अठ्ठावीस आवाज. आणि कारणही सांगितलं, दवाखान्यासकट.

डॉक्टर म्हणाले, नियम नियम आहे, मुलांना पाठ येत नाही ही नोंद मला ठेवावी लागेल. सिस्टरांनी मान हलवली. पण त्याखालची ओळ त्यांनी खोडली, नवी लिहिली आणि फळी रायझापुढे धरली.

रायझाने वाचलं, "ही मुले वाचतात."

"अपुरी खोडलं," तिने मॅमला कळवलं.

महिन्याभराने मानांकन आलं, तीन वर्षांसाठी. सोबत एक सूचना होती, पहिलीच्या वर्गाकडून ध्येय पाठ करून घ्यावे. सिस्टर तो कागद घेऊन तिबांगकडे गेल्या. मी बाकावरच होतो, त्या बाकाचा मला आता लळा लागला होता. सिस्टर म्हणाल्या, जूनमध्ये पहिली तुमचीच, मॅम. ग्रंथालयात मी दुसरं कुणी बघते. पण ही सूचनाही बघा.

"बघितली," तिबांग म्हणाली. "मुलांनीही वाचली. वाचून वाचून त्यांना आता पाठ झालंय, काय करू?"

सिस्टर हसल्या. जाताना दारावरच्या त्या वहीच्या कागदापाशी थांबल्या, आणि पिनेचं एक टोक सुटलं होतं ते नीट खोचून गेल्या.

मी आत गेलो. म्हटलं, तिबांग, त्या दिवशी मी पुन्हा तेच केलं, तुझ्या वडिलांसारखंच तुझ्या पोरांचंही हसं झालं असतं. ती फळा पुसत होती. म्हणाली, पण झालं नाही ना, मानोंग. तुम्ही ओळ दिलीत आणि एकाने घेतली नाही. याहून चांगली परीक्षा डॉक्टरांनासुद्धा घेता आली नसती. मग खडूचा हात झटकून तिने विचारलं की जूनमध्ये रिकामे आहात का?

रिकामाच असतो. आता सोमवारी आणि गुरुवारी मी पहिलीच्या बाहेर बाकावर बसतो आणि नवी मुलं एकेक करून पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात. अट एकच आहे. पोर अडलं तर मी दहापर्यंत मोजायचं, मनात, तोंड बंद ठेवून. काल एक पोरगी 'नारळ' या शब्दापाशी थांबली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. एक, दोन, तीन. लाल राजाने कितीतरी लढाया लढल्या, पण अशी नाही. सहा, सात.

"नारळ," ती म्हणाली, आणि पान उलटलं. एकच.